मागचा पाय

अमारो आता एकोणीस वर्षांचा.
सातवीपर्यंत माझ्याच पिवळ्या व्हॅनमध्ये बसायचा,
खिडकीबाहेर हात काढायचा
आणि मी आरशातून डोळे वटारायची.
आज पिचिलेमूच्या बर्फगार पाण्यात,
कमरेएवढ्या फेसात उभा राहून
तो माझ्यावर ओरडतो :
"तिया नोएमी, पुन्हा ब्रेक मारलास!"

खरं आहे.
लाट समोर आली की माझे हात वल्हवायचे थांबतात.
सव्वीस वर्षं लोकांची मुलं नेली-आणली,
काही आडवं आलं की वेग कमी,
हे हाडात मुरलेलं.
लाटेला ते लांबूनच कळतं.
थांबलेल्या बाईला ती उचलते,
फळीसकट उलटी करते
आणि जिथून निघाले होते तिथेच,
कोचायुयोच्या चामड्यासारख्या शेवाळात
आणून सोडते. घरपोच.

सकाळपासून अकरा वेळा.
मोजायची सवय आहे मला.

मग तो मला वाळूवर पालथी झोपवतो.
शेवाळ वेचणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघतात.
दोन्ही कडा छातीशी घट्ट. हात ताठ.
"नाक चांगलं जातं तुझं खाली," म्हणतो,
"पण शेपूट वर राहतं,
आणि लाट शेपटीलाच धरते."
इकडे या बुडीला पातितो म्हणतात, बदकाचं पिल्लू.
एकोणपन्नासाव्या वर्षी, सुजऱ्या गुडघ्याची,
रबरी पोशाखात कोंबलेली मी
पिल्लू!
एक बाई खो खो हसते. मीही.

"मागच्या पायाने दाब, तिया.
गुडघ्याने नको, पाऊल टेकव शेपटीवर,
आणि दाब. चढ आहे समज,
मागे सतरा पोरं,
आणि घंटा व्हायला चारच मिनिटं."

अरे, मग असं आधी सांगायचंस ना.

बारावी लाट.
भिंत नव्हे ती, भिंत जागेवर असते.
मी वल्हवते. ती फुटते, वल्हवते,
दोन हातांवर येते तरी वल्हवते,
पोट म्हणतं थांब, मी पोटाचं ऐकत नाही.
श्वास. नाक खाली.
आणि मग तो पाय, उजवा,
ज्याला आयुष्यभर सगळे खड्डे पाठ होते,
तो शेपटीवर टेकवून मी चढ चढते
खालच्या दिशेने.

वरून लाट गेली.
पुलाखाली उभं असताना डोक्यावरून मालट्रक जावा
तशी गेली. हादरा सगळा,
चाक लागलं नाही.
डोळे उघडे ठेव म्हणाला होता. ठेवले.
फेसाची खालची बाजू पाहिली मी,
पांढरे दोरे, स्वतःलाच गाठी मारत पळणारे,
आणि त्यांच्या खाली
माझी फळी, माझी नखं, हिरवा उजेड,
कुणी काही मागत नाही.

नाक वर. फळी आपणहून निघाली,
बाटलीचं बूच निघावं तशी.
पलीकडे एक पेलिकन तरंगत होता,
त्याच्या शेजारी अमारो.
शाबास म्हणेल वाटलं.
"जरा उशिरा गेलीस," म्हणाला.
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि तेराव्या लाटेने
तोंडासकट मला परत नेलं.

सोमवारी सकाळी, शाळेच्या फाटकाशी,
सर्वांत धाकट्या इलारियोच्या बुटाची नाडी सुटलेली.
बांधायला वाकले
आणि नाकातून पाणी आलं, खारट, थंड,
शनिवारपासून कुठे दडलं होतं कोण जाणे,
टपटप त्याच्या बुटावर.

"तिया, रडतेस?"
"नाही रे. पाय पुढे कर.
हा नाही. मागचा."